टाक, ठसा आणि हसू



विट्याच्या वायव्येला औंध आहे आणि नैर्ऋत्येला किर्लोस्करवाडी. नकाशावर या दोन गावांना जोडणारी रेघ ओढली, तर ती आपल्या खानापूर-कडेगावच्या माळावरून जाते. मराठी मासिकातल्या विनोदी चित्राची कुळकथा सांगताना मुंबई-पुण्याची नावे आधी येतात, आणि ते योग्यच आहे. पण या माळाला वगळून ती कथा पुरी होत नाही.

औंधच्या गादीवर १९०९ साली आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. चित्रे जमवणे, चित्रकारांना जवळ करणे हा त्यांचा आयुष्यभराचा नाद. औंधच्या डोंगरावर १९३८ साली उभे राहिलेले संग्रहालय त्याची साक्ष देते. याच राजाने १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ कारखान्यासाठी दिला. तिथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. दहा वर्षांनी, १९२० साली, त्याच कारखान्याच्या आवारातून एक लहानसे नियतकालिक निघाले, ‘किर्लोस्कर खबर’. त्याचे संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर. जवळची माणसे त्यांना शंकरभाऊ म्हणत, वाचक ‘शंवाकि’ म्हणून ओळखत. त्यांनी पंडित सातवळेकरांकडे चित्रकलेचे धडे घेतले होते, आणि त्यांच्या हातातला टाक समाजाच्या दुखऱ्या जागा अचूक हेरत असे.

कारखान्यात चित्रकाराचे काय काम, असा प्रश्न त्या काळी अनेकांना पडला असेल. उत्तर नांगरातच होते. लोखंडी फाळाने जमीन विषारी होते, पीक जळते, अशी भीती शेतकऱ्यांच्या मनात होती. लाकडी नांगराला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. ही भीती नुसत्या आकडेवारीने जाणारी नव्हती. माल बनवणे एक आणि तो लोकांच्या गळी उतरवणे दुसरे. जाहिरातीचे, प्रदर्शनांचे, पत्रकांचे ते दुसरे काम शंकरभाऊंकडे आले. ज्याला वाचता येत नाही त्यालाही चित्र कळते, आणि चित्रात थोडी गंमत असली तर ते लक्षात राहते, हे त्यांना या कामाने शिकवले. मराठीतल्या एका मोठ्या व्यंगचित्रकाराची शाळा अशी शेतमालाच्या आणि अवजारांच्या बाजारात भरली. ही गोष्ट कलेच्या इतिहासात ठळकपणे लिहायला हवी. रसिकांच्या दिवाणखान्यात वाढलेली ही कला नव्हे. शंका घेणाऱ्या, दोनदा विचारून पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकासमोर ती वाढली.

‘खबर’ पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आले, १९३४ साली ‘मनोहर’. आडवळणाच्या एका रेल्वे स्टेशनवरून निघणारी ही तीन मासिके मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोचली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये आले, बुवाबाजीविरुद्धची मोहीम त्याच पानांतून लढवली गेली, आणि या साऱ्याच्या जोडीला शंकरभाऊंची चित्रे होती. त्यांच्या व्यंगचित्रांचा संग्रह ‘टाकांच्या फेकी’ या नावाने प्रसिद्ध आहे. रूढी, भोंदूगिरी, जातिभेद, खोटी प्रतिष्ठा हे त्यांचे विषय. लेखात ज्याला तीन पाने लागत ते चित्रात एका चौकटीत येई. लेख वाचून चिडणारा माणूस चित्र पाहून आधी हसे, आणि मग त्याच्या लक्षात येई की आपण आपल्यालाच हसलो.

हे चित्र मराठीत आले कुठून, हे पाहण्यासाठी थोडे मागे आणि थोडे लांब जावे लागते.

फ्रान्समध्ये ऑनोरे दोमिए या तरुण चित्रकाराने राजा लुई फिलिपला सगळा देश गिळणाऱ्या राक्षसाच्या रूपात दाखवले, आणि १८३२ साली त्याला तुरुंगात जावे लागले. एका चित्रामुळे राजा घाबरतो ही गोष्ट युरोपला तेव्हा समजली. १८४१ साली लंडनमध्ये ‘पंच’ साप्ताहिक सुरू झाले. त्याचा धागा मुंबईला पोचायला फार दिवस लागले नाहीत. १८५४ साली इथे ‘पारसी पंच’ निघाले आणि बरजोरजी नवरोजी यांच्या हाताखाली त्याचेच पुढे ‘हिंदी पंच’ झाले. गुजराती आणि इंग्रजी मजकुराच्या या साप्ताहिकात पंचोबा नावाचे एक पात्र असे. काँग्रेसची अधिवेशने, दादाभाई, फिरोजशहा मेहता, गोखले, टिळक, व्हाइसरॉय हे सगळे त्या चित्रांत येत. लंडनच्या ‘रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज’चे संपादक डब्ल्यू. टी. स्टेड ही चित्रे आपल्या मासिकात पुन्हा छापत. मुंबईच्या गल्लीत काढलेले चित्र इंग्लंडचा वाचक पाहत होता.

या परंपरेचा रोख राजकारणावर होता. ‘पंच’च्या वळणाची चित्रे पाहिली तर त्यात देश म्हणजे एक देवी, सरकार म्हणजे सिंह, दुष्काळ म्हणजे हाडांचा सापळा. प्रत्येकाच्या अंगावर नावाची चिठ्ठी. ती चित्रे वाचावी लागतात, आणि त्या आठवड्याची बातमी ठाऊक नसेल तर शंभर वर्षांनी ती मुकी होतात. मराठी मासिकाचे चित्र यापासून लवकरच वेगळे झाले. मासिक महिन्यातून एकदा येते, त्याला कालच्या बातमीवर चित्र काढून चालत नाही. शिवाय ते घरात येते. आजोबा, सून, शाळकरी मुलगा असे सगळे एकच अंक हाताळतात. त्यामुळे मराठी हास्यचित्राने मंत्र्याऐवजी शेजारी निवडला, संसदेऐवजी स्वयंपाकघर, बसथांबा, लग्नमंडप, दवाखान्याची बाके. घरगुती विषय म्हणजे हलका विषय, असे काही टीकाकार मानत आले. ते मत पटण्याजोगे नाही. विसाव्या शतकातला मराठी माणूस कसा राहत होता, काय लपवत होता, कशाला भीत होता, याचा एवढा भरघोस पुरावा फार थोड्या ठिकाणी सापडतो.

या चित्रांना जो आकार आला त्यात छापखान्याचाही मोठा वाटा आहे, आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही.

खिळे जुळवून छपाई होत असे तो काळ. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ बांधायचा. त्या ओळींच्या शेजारी चित्र छापायचे तर त्याचाही उंच ठसा हवा. रेघांचे चित्र असेल तर त्याची सरळ पद्धत होती. चित्राचा फोटो घ्यायचा, त्याची निगेटिव्ह जस्ताच्या पत्र्यावर उतरवायची, पत्रा आम्लात धरायचा. रेघांची जागा उंच राहते, मोकळी जागा आम्ल खाऊन टाकते. तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकला की झाला लाइन ब्लॉक. खिळ्यांच्या पानात तो बसवला की साध्या, खरबरीत, स्वस्त कागदावरही काळी रेघ स्वच्छ उठते. छायाचित्राचे तसे नव्हते. त्यातल्या करड्या छटा दाखवण्यासाठी बारीक जाळीतून फोटो घेऊन ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक करावा लागे. तो खर्चिक, आणि खरबरीत कागदावर ठिपके एकमेकांत मिसळून चेहऱ्याचा काळा डाग होई. म्हणून फोटो गुळगुळीत आर्ट पेपरवर वेगळे छापून अंकात घालत.

याचा परिणाम दूरवर झाला. ज्या चित्रकाराला आपले चित्र महिन्याच्या महिन्याला मजकुराच्या शेजारी हवे होते, त्याला ब्रशाने छटा भरण्याची सवय सोडावी लागली. सावली दाखवायची तर आडव्या-उभ्या रेघांची जाळी, केस दाखवायचे तर एक काळा ठोकळा, राग दाखवायचा तर भुवईची एक तिरपी रेघ. काटकसरीतून शैली घडली. मराठी व्यंगचित्रातली रेघ जी इतकी बोलकी झाली, तिच्यामागे टाकाची धार तर आहेच, जस्ताचा पत्राही आहे.

विनोदी छायाचित्र मराठी नियतकालिकांत मागे का राहिले, त्याचे एक कारण हेच. परदेशात त्याला पोस्टकार्डाचा मार्ग मिळाला. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या ओटावा गावचा विल्यम मार्टिन हा छायाचित्रकार १९०८च्या सुमारास अतिशयोक्तीची पोस्टकार्डे काढू लागला. गाडीभर एकच कणीस, घोड्याएवढा ससा, करवतीने कापावा लागणारा भोपळा. युक्ती साधी होती. दोन फोटो वेगवेगळ्या मापांत छापायचे, कात्रीने कापायचे, एकावर एक चिकटवायचे आणि त्या जोडकामाचा पुन्हा फोटो घ्यायचा. अवर्षणाच्या आणि टोळधाडीच्या मुलखातले शेतकरी ती कार्डे हौसेने नातलगांना पाठवत. खानापूर-आटपाडीच्या माणसाला ही हौस समजावून सांगावी लागणार नाही. ज्याच्या रानात कणीस भरत नाही त्यालाच गाडीभर कणसाचा विनोद सुचतो.

आपल्याकडे मुंबईत १८५४ सालीच छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती. पण सुरुवातीच्या फोटोंत कुणी हसत नाही. प्रकाश घ्यायला वेळ लागे, तेवढा वेळ हसू टिकत नाही, आणि फोटो ही आयुष्यात एक-दोनदाच घडणारी गंभीर गोष्ट होती. कॅमेऱ्यातली चेष्टा महाराष्ट्रात वेगळ्याच वाटेने गेली. दादासाहेब फाळके आधी छायाचित्रकार होते, ब्लॉक आणि छपाईच्या धंद्यात होते, आणि ‘केल्फा’ हे आपलेच नाव उलटवून जादूचे प्रयोगही करत. रोपाची वाढ महिनाभर टिपून ती क्षणात घडल्यासारखी दाखवण्याचा त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. कात्री, दुहेरी छपाई, अदृश्य होणारी माणसे ही सगळी गंमत त्यांनी पोस्टकार्डावर न छापता पडद्यावर नेली.

फोटोतली खरी लोकांची चेष्टा राहिली ती जत्रेत. तंबूतल्या फोटोवाल्याकडे पुठ्ठ्याची मोटार असे, रंगवलेले विमान असे, कापडावरचा ताजमहाल असे. काळा चष्मा भाड्याने मिळे. मोटारीत बसलेले जोडपे, विमानातून डोकावणारे दोघे भाऊ, हातात न वाजणारी गिटार धरलेला गडी. त्या फोटोंना कुणी विनोदी छायाचित्र म्हणत नाही, पण ती तीच आहेत. काढून घेणाऱ्याला ठाऊक असते की मोटार खोटी आहे, पाहणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि तरी दोघे खूश असतात. जे मिळणार नाही त्याचे सोंग घेऊन हसण्याची ही रीत शहरी व्यंगचित्राइतकीच अभ्यासायला हवी. विटे परिसराला त्यात आणखी एक जोड आहे. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी इथली कुटुंबे दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत देशभर पांगली. या गलाईवाल्यांच्या घरांतल्या ट्रंकांत परगावच्या स्टुडिओंतले, तिथल्या पडद्यांसमोरचे आणि तिथल्या टोप्या घातलेले फोटो निघण्याची शक्यता पुष्कळ आहे. संग्राहकाने आधी त्या ट्रंकांकडे जावे.

पुन्हा रेघेकडे.

किर्लोस्करवाडीच्या पिढीनंतर चाळीस-पन्नासच्या दशकांत मराठी हास्यचित्राला बहर आला, आणि त्यातली दोन मोठी नावे याच दक्षिण भागातली निघाली. शिवराम दत्तात्रेय फडणीस यांचा जन्म २९ जुलै १९२५चा, निपाणीजवळच्या भोज गावचा. त्यांचे शिक्षण कोल्हापुरात आणि मग मुंबईच्या जे. जे. मध्ये झाले. वसंत सरवटे १९२७ साली कोल्हापुरात जन्मले. एकाने शब्द टाकून दिले, दुसऱ्याने शब्दांशी आयुष्यभर सोबत केली.

त्या काळी दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ म्हणजे हातात निरांजन घेतलेली सुंदर स्त्री, हा जवळजवळ नियम होता. दीनानाथ दलालांनी ते रूप अतिशय देखणे केले. मूळ गोव्याचे दलाल मोठ्या ताकदीचे चित्रकार होते, आणि १९४५ साली त्यांनी स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला. हा सुंदर नियम मोडला अनंत अंतरकर या संपादकाने. ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’ ही अंतरकरांची मासिके. १९५२च्या ‘मोहिनी’च्या दिवाळी अंकावर त्यांनी फडणिसांचे हास्यचित्र छापले. एक तरुण आणि एक तरुणी. तिच्या साडीवर उंदरांची नक्षी, त्याच्या शर्टावर मांजरांची.

बस, एवढेच. खाली ओळ नाही, कुणी काही बोलत नाही. पण पाहणाऱ्याला दोन्ही कपड्यांवरची जनावरे दिसली की त्या दोन अनोळखी माणसांमध्ये काय चालले आहे ते लख्ख कळते. तरुणाचा चेहरा सभ्य आहे, तरुणी शांत आहे, आणि सगळी धांदल छापील कापडावर आहे. कापडाच्या धंद्यात हात घातलेल्या विट्यासारख्या गावाला या चित्राचे विशेष अप्रूप वाटायला हवे. शब्दाविना विनोद करणे अवघड असते ते याचसाठी, की चित्रकाराला आधी नियम तयार करावा लागतो आणि त्याच चौकटीत तो मोडावा लागतो. हे वाचकाने पहिल्या नजरेत पकडले पाहिजे. दुसऱ्या नजरेला उशीर झालेला असतो. या मुखपृष्ठानंतर फडणीस आणि ‘मोहिनी’ ही जोडी मराठी घरात दिवाळीचा भाग झाली. पुढे ‘हसरी गॅलरी’ हे त्यांचे प्रदर्शन आणि ‘चित्रहास’ हा कार्यक्रम गावोगाव गेला. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतली त्यांची चित्रे तर लाखो मुलांनी, चित्रकाराचे नावही माहीत नसताना, पाहिली. बेरीज-वजाबाकीला घाबरणारे पोर त्या चित्रांपाशी थबकले. एखाद्या कलावंताची एवढी मोठी आणि एवढी निनावी सेवा मराठीत दुसरी दाखवणे कठीण आहे.

सरवट्यांची वाट वेगळी. ते सिव्हिल इंजिनिअर, नोकरी एका सिमेंट कंपनीत. नोकरी सांभाळून काढलेल्या चित्रांत बांधकामाचा काटेकोरपणा दिसतो: जिन्याच्या पायऱ्या मोजून घ्याव्यात, खिडकीचे गज खरे वाटावेत. माणसे मात्र त्या नेमक्या घरांत पूर्ण गोंधळलेली. पु. ल. देशपांड्यांच्या लेखनाला त्यांची चित्रे लाभली. १९६४ साली सुरू झालेल्या ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यिकांची खबर घेत. दळवींनी नाव झाकले, आणि त्या टोपणनावाला देह दिला सरवट्यांनी: हातात भलामोठा हातोडा घेतलेला एक अवलिया. लेखक कोण हे कळण्याआधी वाचक त्या चित्राला ओळखू लागला. ‘ललित’च्या दिवाळी अंकांची त्यांची मुखपृष्ठे म्हणजे मराठी साहित्यविश्वाची जणू वार्षिक हजेरीच. आपल्या कलेविषयी गंभीरपणे लिहिणारे व्यंगचित्रकार मोजकेच, त्यांत सरवटे अग्रभागी. जगभरच्या व्यंगचित्रकारांची कामे त्यांनी मराठी वाचकाला उलगडून दाखवली. २०१६च्या डिसेंबरात ते गेले.

या दोघांभोवती हरिश्चंद्र लचके, प्रभाकर ठोकळ, श्याम जोशी अशी अनेक नावे आहेत. प्रत्येकावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे. माणदेशातल्या माडगूळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनी लेखणीबरोबर रेखाटनाचा हात राखला, तेही इथे ध्यानात घ्यावे. ‘माणदेशी माणसं’मधली माणसे डोळ्यांसमोर उभी राहतात, त्यात चित्रकाराच्या नजरेचा वाटा आहे.

राजकीय व्यंगचित्राशीही खानापूर तालुक्याचा एक दुवा आहे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्र्यात, त्यांच्या आजोळी झाला. हे गाव त्या वेळी याच तालुक्यात होते, आज कडेगावात आहे. १३ ऑगस्ट १९६० रोजी बाळ ठाकरे आणि श्रीकांत ठाकरे या भावांनी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक काढले, त्याचे प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतरावांच्या हस्ते झाले. ‘फ्री प्रेस जर्नल’मधली नोकरी सोडून आलेला व्यंगचित्रकार उद्या आपल्यावरच टाक चालवणार, हे मुख्यमंत्र्यांना कळत नव्हते असे नाही. तरी ते गेले, आणि झालेही तसेच. महाराष्ट्र राज्य तेव्हा जेमतेम साडेतीन महिन्यांचे होते. सत्तेवरच्या माणसाने स्वतःच्या टीकाकाराच्या मांडवात हजर राहावे, हा नव्या राज्याचा फार चांगला शकुन होता. पुढे ‘मार्मिक’ने काय वळण घेतले तो इतिहास सर्वांना माहीत आहे. पण त्या दिवशीच्या त्या प्रसंगाची किंमत त्यामुळे कमी होत नाही.

जुन्या चित्रांवर प्रेम करणाऱ्याने त्यांच्यातले जे खुपते तेही सांगितले पाहिजे. शेकडो चित्रांत बायको म्हणजे लाटणे घेऊन उभी असलेली जाडी बाई, नवरा म्हणजे दाराआड दडलेला काडीपहिलवान. सासू, मोलकरीण, मास्तरीण, नोकरी करणारी मुलगी यांच्यावरचा विनोद पुष्कळदा निव्वळ चावट आहे. खेडूत म्हणजे बावळट, काळा माणूस म्हणजे हास्यास्पद, गुजराती म्हणजे पोट, मद्रासी म्हणजे कपाळावरचा टिळा. चित्रकार बहुतेक शहरातले, पांढरपेशे, पुरुष. हसे बहुधा त्यांच्या वर्तुळाबाहेरच्यांचे. ‘स्त्री’ मासिक ज्या काळात बाईच्या शिक्षणाची आणि मताची बाजू मांडत होते, त्याच काळात इतर अंकांत लाटणे फिरत होते. ही चित्रे काढून टाकावीत असे मुळीच नाही. ती जपलीच पाहिजेत, तारखेसह जपली पाहिजेत, कारण समाज कुणाला हसत होता यावरून समाज कुणाला भीत होता ते समजते. नोकरदार बाईवरची चित्रे अमुक दशकात एकदम का वाढली, हे कुणा अभ्यासकाने मोजून पाहावे. तेवढ्यावर एक प्रबंध होईल.

पण मोजायचे तर अंक हवेत, आणि खरी अडचण तिथेच आहे.

मासिक हे रद्दीत जाण्यासाठीच जन्माला येते. कथा पुढे संग्रहात जाते, कविता पुस्तकात जाते, कादंबरीची आवृत्ती निघते. पान भरण्यासाठी कोपऱ्यात छापलेले चित्र मात्र त्या अंकाबरोबर किराणा दुकानात पोचते. बहुतेक वाचनालये दिवाळी अंक दोन-चार वर्षांनी काढून टाकतात. बांधणी करताना जाहिराती आणि मुखपृष्ठे फाडून टाकण्याची पद्धत होती, आणि हास्यचित्रे नेमकी तिथेच असत. कागदही शत्रू. स्वस्त कागद लाकूड दळून केलेल्या लगद्यापासून होतो, त्यातले लिग्निन हवा आणि उजेड लागला की पिवळे पडते, आम्ल धरते, आणि पानाच्या कडा बिस्किटासारख्या तुटतात. मूळ चित्रांचे हाल याहून वाईट. छापखान्यात ब्लॉक झाला की चित्र परत मागण्याची प्रथा फारशी नव्हती. जस्ताचे पत्रे मोडीत गेले.

काही माणसांनी आपल्या हिमतीवर हे थोडे थांबवले. नांदेडचे मधुकर धर्मापुरीकर यांनी व्यंगचित्रे जमवली, त्यांवर लिहिले, सरवट्यांच्या कामाचा अभ्यास केला. असे काम एका माणसाच्या घरात किती काळ राहणार? ते सार्वजनिक वाचनालयांच्या कपाटात आले पाहिजे. विट्यासारख्या गावाला हे जमण्याजोगे आहे, कारण ‘किर्लोस्कर’चे आद्य वाचक याच टापूतले. खानापूर, तासगाव, पलूस, खटाव भागांतल्या जुन्या घरांच्या माळ्यावर ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’चे अंक अजून निघू शकतात. शाळामास्तरांची, वकिलांची, तलाठ्यांची घरे आधी धुंडाळावीत, कारण वर्गणीदार बहुधा तेच असत.

सापडले तर काय करावे, तेही सांगण्याजोगे आहे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि मग निघत नाही. लॅमिनेशन तर करूच नये. अंक उभे न ठेवता आडवे ठेवावेत, कोरड्या जागी, उजेडापासून दूर. डांबरगोळीपेक्षा वारा खेळता ठेवणे चांगले. रेघांच्या चित्राची प्रतिमा घ्यायची तर इंचाला ६०० ठिपक्यांहून कमी घेऊ नये, नाहीतर टाकाची बारीक रेघ तुटक दिसते. नुसते चित्र कापून घेण्याचा मोह टाळून पूर्ण पान घ्यावे, कारण शेजारची जाहिरात, कथेचे नाव, अंकाची किंमत यांतूनच चित्राचा काळ कळतो. जत्रेतल्या फोटोमागे गाव, वर्ष आणि फोटोतली नाती पेन्सिलीने लिहावीत. आज घरातल्या आजीला ते माहीत आहे.

कायद्याची बाजूही अवघड नाही. भारतात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, ती वर्षे मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. प्रसिद्ध झालेल्या छायाचित्राला २०१२ पर्यंत प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे असा वेगळा नियम होता; त्या वर्षीच्या दुरुस्तीने छायाचित्रालाही चित्राचाच नियम लागू झाला.  दीनानाथ दलाल १९७१ साली गेले. त्यांची चित्रे २०३२ साली खुली होतील. शंकरभाऊ किर्लोस्कर १९७५ साली गेले. ‘टाकांच्या फेकी’तली चित्रे छापायला आज त्यांच्या वारसांची परवानगी लागते, आणि चांगल्या कामासाठी ती मागायला काहीच हरकत नाही. १ जानेवारी २०३६ पासून ती कुणालाही छापता येतील. तोवर त्यांचे अंक शोधून, तारीखवार लावून, त्यांची यादी करून ठेवायला विट्याच्या हातात पुरेसा अवधी आहे.